डाव्या हाताचं उत्तर

धाकट्याने भिंग पालटलं आणि विचारलं, "हे बरं, की हे?"

खुर्चीतल्या बाईंनी बराच विचार केला. नाकावरची तपासणीची जड फ्रेम सावरत त्या समोरच्या अक्षरांकडे अशा बघत होत्या, जणू तिथे कुणाचा तरी निकाल लागला होता.

"तुम्हाला कुठलं बरं वाटतं?"

"मला नाही वाचायचं, बाई. तुम्हाला वाचायचंय."

"मग पहिलं. नाही, थांबा. दुसरं. पहिलं कसं होतं?"

धाकट्याने पुन्हा भिंग पालटलं. मिशी फुटल्यापासून तो हेच काम करत होता, आणि एवढ्या काळात त्याला कळलेली एकच गोष्ट म्हणजे माणसाला काय दिसतं हे त्या माणसालाही धड ठाऊक नसतं. विचारत बसावं लागतं. पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, काच पालटून पुन्हा विचारायचं, आणि दोन्ही वेळा एकच उत्तर आलं की मगच नंबर लिहायचा. हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. बाबांनी डोक्यात टपली मारून शिकवलं होतं.

दुकान बाबांचंच. आता ते दोघा भावांचं होतं. पुढच्या अंधाऱ्या खोलीत धाकटा डोळे तपासायचा, मागच्या खोलीत थोरला चाकावर काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. गिऱ्हाइकं एकाला नंबरवाले म्हणत आणि दुसऱ्याला काचवाले. घरी मात्र एक दादा होता आणि दुसरा, पन्नाशी उलटून भुवया पांढऱ्या झाल्या तरी, धाकटाच.

बाईंना उन्हात घालायला काळी काच हवी होती, आणि परगावी जायचं असल्याने घाईने हवी होती. धाकटा मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. चाक चालू होतं, आणि चाक चालू असताना तिथे बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. त्यावर उपाय म्हणून बाबांनी फार पूर्वी खुणा ठरवून दिल्या होत्या. कपाळाला बोट म्हणजे घाईचं काम. डोळ्यावर तळवा म्हणजे काळी काच. समोर धरलेला तळवा म्हणजे थांब. चाकावरच्या माणसाने मान वळवायची नाही, नाहीतर काच जाईल किंवा बोट जाईल. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून खूण टिपायची आणि डावा हात क्षणभर सोडून गुडघ्यापाशी उत्तर द्यायचं. मूठ म्हणजे कळलं. उघडा पंजा म्हणजे नाही कळलं, परत सांग. लहानपणी दोघं भाऊ जेवताना बोलायला बंदी असायची तेव्हा याच खुणांनी भांडायचे.

धाकट्याने कपाळाला बोट लावलं, मग डोळ्यावर तळवा ठेवला, आणि दादाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

दादाच्या तोंडावर काहीही नव्हतं. चाक फिरत राहिलं, पाण्याचे शिंतोडे उडत राहिले. धाकटा थोडा वेळ थांबला, चाकाच्या आवाजात कुणालाही ऐकू जाणार नाही असा एक उसासा टाकला, आणि परत फिरला. फिरताना दाराची चौकट खांद्याला लागली. हल्ली ती रोज लागायची. दादाने मागचं कपाट सरकवून वाट मुद्दाम अरुंद केली आहे, असा त्याला संशय होता.

दादा आपल्यावर डूख धरून आहे, याबद्दल मात्र त्याच्या मनात संशय नव्हता. खात्री होती.

कारणही त्याला ठाऊक होतं. काच आपोआप कापणारं यंत्र विकायला एक विक्रेता आला होता. त्याच्या पुढ्यात धाकटा म्हणाला होता, "आमच्या दादाचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही हो." वाक्य तसं हळूच म्हटलं होतं, पण चाक नेमकं त्याच क्षणी थांबलं. मागच्या खोलीतून काही आवाज आला नाही. मग चाक पुन्हा सुरू झालं. दादाने त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही, आणि धाकट्याच्या मते तिथेच सगळं आलं.

शिवाय तो बोलला ते खोटं थोडंच होतं? मागच्या काही महिन्यांत दादाने काळी सांगितलेली काच साधी केली होती, घाईची ऑर्डर सावकाश केली होती, आणि एका शिक्षकाच्या जाड काचा त्याच्या बायकोच्या नाजूक फ्रेममध्ये बसवून ठेवल्या होत्या. धाकट्याने दारात उभं राहून सगळं नीट खुणेने सांगितलं होतं. दादाने मूठही दाखवली नव्हती आणि पंजाही नाही.

एकदा डूख म्हटल्यावर बाकीचं आपोआप जुळत गेलं. चहाचा कप दादा हल्ली टेबलाच्या अगदी कडेला ठेवायचा, म्हणजे धाकट्याचा हात लागून तो सांडावा. स्टूल वाटेत ठेवायचा, म्हणजे धाकट्याने अडखळावं. संध्याकाळी दोघं बरोबर घरी जायचे, तेव्हा दादा चालता चालता खांद्याने ढकलायचा. साठीला टेकलेला, चार माणसांत मान खाली घालून वावरणारा माणूस शाळकरी पोरासारखा ढकलतो, याचं धाकट्याला आधी आश्चर्य वाटलं, मग वाईट वाटलं, आणि मग त्याने सुताराला बोलावलं.

"सोमवारी माप घ्यायला येतोय," त्याने घरी सांगितलं. "मधे भिंत. पुढचं माझं, मागचं त्याचं. त्याला मागच्या गल्लीत दार आहेच."

बायको भांडी पुसत होती. ती थांबली. दादाने लग्न केलं नव्हतं. वरच्या खोलीत राहायचा, जेवायला खाली यायचा. दुकानात भिंत आली की ती जिन्यातही येणार, हे तिला सांगायची गरज नव्हती.

"का?" तिने विचारलं.

"त्याला माझं तोंड बघायचं नाही."

"हे खरं का?"

धाकट्याने डोळे मिटले. त्याला वाटलंच होतं.

बायको काही दिवसांपासून एका वर्गाला जात होती. मनाला त्रास देणारे विचार कसे तपासावेत हे तिथे शिकवत. वर्ग एका जुन्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर भरायचा; जिना चढून गेल्यावर कुणाच्याच अंगात अशांत राहायची ताकद उरत नसे, असं धाकट्याचं मत होतं. वर्गाच्या बाईंनी तीन प्रश्न दिले होते. कुठलाही विचार आला की त्याला धरून बसवायचं आणि विचारायचं: हे खरं का? कुणी पाहिलं? आणि हे मनात नसतं, तर आज मी काय केलं असतं? बायकोला ते प्रश्न फार लागू पडले होते. तिची झोप सुधारली होती. घरातल्या बाकीच्यांची बिघडली होती. दूध नासलंय म्हटलं तरी ती हे खरं का विचारायची, आणि वास घेऊन बघ म्हटलं तर वास घेतल्यावर कबूल करायची की काही विचार खरेही असतात, बाईंनी तसं सांगितलं आहे.

"खरं आहे," धाकटा म्हणाला.

"कुणी पाहिलं?"

"मी. रोज पाहतो. तो माझ्याकडे बघत नाही, ते मी रोज पाहतो."

"न बघणं कसं पाहता तुम्ही?"

"तू मला गुंडाळू नकोस."

"बरं. हे मनात नसतं, तर आज काय केलं असतं?"

धाकट्याला एकदम एक गिऱ्हाईक आठवलं. आज दुकानात एक माणूस आला होता. त्याने चष्मा उलटा लावून दिसत नसल्याची तक्रार केली होती. पूर्वी असलं काही झालं की धाकटा मागे धावायचा, चाक थांबवायला लावायचा आणि दादाला नक्कल करून दाखवायचा. दादा हसताना आवाज करत नसे, फक्त त्याचे खांदे हलायचे. आज तो किस्सा धाकट्याच्या खिशात तसाच पडून होता.

"काही नसतं केलं," तो म्हणाला, आणि जेवायला बसला. दादा आधीच बसला होता. भाऊजी, भाजी वाढू का, असं बायकोने विचारलं. दादाने मान हलवली. धाकट्याने पाण्याच्या पेल्याकडे हात नेला आणि पेला आडवा झाला. सगळ्यांनी पाण्याकडे बघितलं. दादाने काही न बोलता फडकं पुढे केलं. पेला तिथे कुणी ठेवला होता हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. धाकटा तपासणीच्या खोलीत गेला, दार लावलं, आणि आपल्या नेहमीच्या स्टुलावर न बसता गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. सहज, असं त्याने स्वतःला सांगितलं. समोर अक्षरांची पाटी उजळलेली होती. वरच्या ओळीपासून अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत सगळी अक्षरं त्याला स्वच्छ दिसत होती. आपली नजर अजून खणखणीत आहे, या विचाराने त्याला जरा बरं वाटलं. या विचाराला त्याने काही विचारलं नाही.

हातात पालटायचं भिंग होतं. बोटांना सवय होती म्हणून ते पालटत राहिलं.

दादा माझ्याकडे बघत नाही. हे खरं का? खरं. कुणी पाहिलं? मी. मग त्याने काच पालटली. दादा माझ्याकडे बघत नाही. बघत नाही. बघू शकत नाही.

हात थांबला.

खुणा दादाने बाजूने टिपायच्या होत्या. बाजूने. समोरचं काम त्याचं अजूनही केसाइतकंही चुकत नव्हतं, कारण ते समोर होतं. कप कडेला, स्टूल वाटेत, चालताना धक्का. धाकटा खुर्चीत सरळ बसला. समोरचं शाबूत राहतं आणि बाजूचं हळूहळू बुजत जातं, दुखत नाही, खुपत नाही, आणि माणसाला पत्ता लागत नाही, असा आजार कुठला हे त्याला कुणी सांगायला नको होतं. काचबिंदूचा संशय आला की तो गिऱ्हाइकाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडायचा, आणि जाताना प्रत्येकाला तेच सांगायचा: गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी सांभाळता येतं, तेव्हा आजच जा.

आणि बाबा. बाबा शेवटच्या वर्षांत दारांना धडकायचे, पायाखालची भांडी उडवायचे, आणि घरात सगळे म्हणायचे की यांचं लक्ष नसतं. चष्म्याच्या दुकानदाराच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे डॉक्टरने सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. रक्तातून येतं, असंही डॉक्टरने सांगितलं होतं. वडिलांकडून येणाऱ्या गोष्टी आधी थोरल्याकडे जातात, असा धाकट्याचा समज होता. घर, दुकान, बाबांचं घड्याळ, सगळं त्याच क्रमाने आलं होतं.

गिऱ्हाइकाला तो नेहमी काच पालटून दोनदा विचारायचा. स्वतःला त्याने एकदाच विचारलं, आणि उत्तर आवडल्यामुळे नंबर लिहून टाकला.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस फार शांततेत गेले. इतक्या महिन्यांचा राग एका सकाळी ओसरला, आणि त्या जागी अशी काही माया दाटून आली की धाकट्याला ती कुठे ठेवावी कळेना. तो दादाचा चहा स्वतः घेऊन गेला आणि कप दादाच्या हातात नीट धरवला. दादाने कपाकडे बघितलं, मग धाकट्याकडे बघितलं. संध्याकाळी रस्ता ओलांडताना धाकट्याने त्याचं कोपर धरलं.

"मी म्हातारा झालो का?" दादाने विचारलं.

"नाही नाही. गर्दी आहे."

रस्त्यावर एक सायकल होती. तीही उभी. पुढे पायरी आहे, दादा, असंही धाकट्याने प्रेमाने सांगितलं, आणि स्वतः त्या पायरीवर अडखळला. दादाने त्याला सावरलं. आपलं सगळं लक्ष दादाकडे होतं म्हणून तोल गेला, असा धाकट्याने अर्थ लावला, आणि तो अर्थ त्याला हृद्य वाटला.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. आधी तिला रडू आलं, मग अभिमान वाटला. तिने वर्गाच्या बाईंना फोन केला. बाईंनी सांगितलं, की तुमच्या मिस्टरांनी एकदा येऊन आपला अनुभव सगळ्यांपुढे मांडावा. धाकट्याने येतो म्हणून सांगितलं, जिना आठवूनही. या गडबडीत सुताराला नको म्हणून कळवायचं राहून गेलं.

सोमवारी सकाळी दुकान उघडताच तो मागच्या खोलीत गेला. चाक अजून सुरू झालं नव्हतं.

"दादा, जरा पुढे ये. तुझे डोळे तपासून घेऊ."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"काही नाही. तपासून बरेच दिवस झाले ना."

दादा हात पुसत पुढे आला आणि खुर्चीत बसला. त्याला अंधाऱ्या खोलीची सवय नव्हती. तो पाहुण्यासारखा बसला, खुर्चीच्या काठावर.

धाकटा स्टूल ओढून त्याच्या समोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. ही तपासणी करायला यंत्र लागत नाही. दोघांनी समोरासमोर बसायचं, दादाने डावा डोळा झाकायचा, समोरच्याने उजवा, आणि उघडा डोळा दुसऱ्याच्या उघड्या डोळ्यावर ठेवायचा. मग तपासणाऱ्याने दोघांच्या बरोबर मधून, बाजूने, आपलं बोट हलवत आत आणायचं. बोट दोघांनाही एकाच वेळी दिसायला हवं. तपासणाऱ्याला दिसलं आणि दुसऱ्याला दिसलं नाही, की समजायचं.

"माझ्या डोळ्याकडे बघ. बोटाकडे बघू नकोस. दिसलं की सांग."

ते एकमेकांच्या डोळ्यांत बघू लागले. असे ते किती महिन्यांनी बघत होते, हे धाकट्याच्या एकदम ध्यानात आलं आणि त्याला थोडं अवघडल्यासारखं झालं. दादाच्या बुबुळाभोवती एक फिकट कडा आली होती. पूर्वी नव्हती. धाकट्याने हात बाजूला लांब नेला आणि बोट हलवत आत आणायला सुरुवात केली.

"दिसलं," दादा म्हणाला.

धाकट्याला अजून दिसलं नव्हतं. दादा अंदाजाने बोलतोय, हे त्याने ओळखलं. लोक बोलतात. काही भीतीने बोलतात, काही समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलतात. त्याने हात मागे घेऊन पुन्हा थोडा पुढे आणला आणि यावेळी बोट स्थिर ठेवलं.

"दिसतंय," दादा म्हणाला. "आता हलवत नाहीयेस."

धाकट्याने बोट हलवलं.

"आता हलवतोयस."

"दादा, खरं सांग हां. यात पास-नापास नसतं."

"अरे, खरंच सांगतोय. दोन बोटं केलीस आता."

दोन केली होती. धाकट्याने दादाच्या डोळ्यावरून नजर हलवली नाही. त्याचा स्वतःचा हात, स्वतःच्या खांद्याला जोडलेला, कुठेतरी हवेत होता. तो कुठे आहे हे त्याला खांद्यावरून कळत होतं. त्याला वाटलं, आपण हात जास्तच मागे धरलाय. त्याने हात पुढे आणला, आणखी पुढे, आणि बराच पुढे आल्यावर धुक्यातून यावीत तशी त्याला आपली बोटं दिसली. तोवर दादा कंटाळला होता.

"दुसरा डोळा करतोस का?" दादाने विचारलं.

दुसऱ्या डोळ्याचंही तसंच झालं. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. दादा आधी सांगायचा, बोट नंतर यायचं. शेवटी धाकट्याने हात खाली ठेवला. खोलीत पाटीवरची अक्षरं तेवढी उजळलेली होती, स्वच्छ, अगदी खालच्या ओळीपर्यंत.

"काय निघालं?" दादाने विचारलं.

"तुला बाजूचं दिसतं."

"मग? मला खुणा काय कानाने कळतात?"

"खुणा," धाकटा म्हणाला.  "खुणांना तू उत्तर देत नाहीस."

दादाने झाकलेला डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं. "मी देत नाही? त्या दिवशी काळी काच म्हणालास. मी पंजा दाखवला, कुठल्या फ्रेमला म्हणून. तू माझ्या तोंडाकडे बघत उभा. परत दाखवला. तू गेलास निघून. आता मी काय कपाळ फोडून घेऊ? रोज तेच. मी मूठ दाखवतो, तू मख्खासारखा उभा. मी पंजा दाखवतो, तू सुस्कारे सोडत जातोस."

"ऐकू येतात?"

"दिसतात. एवढा मोठा खांदा वर-खाली होतो."

 दारातून आत आलं की चाकाखाली, दादाच्या गुडघ्यापाशी नेमकं काय असतं, ते धाकट्याने डोळ्यांपुढे आणून बघितलं. तिथे काहीच नव्हतं. अंधारही नव्हता. फक्त दादाचं तोंड होतं, मधोमध, आणि त्याच्या अवतीभोवती, आता विचार केल्यावर, काहीच नव्हतं.

"मला वाटलं तू रागावलायस," तो म्हणाला. "त्या विक्रेत्यापुढे मी ते बोललो म्हणून."

"रागावलोय ना."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? परक्या माणसापुढे माझ्या हाताला नावं ठेवलीस. रागावू नको तर काय तुझी आरती करू?" दादा हे अगदी शांतपणे म्हणाला. "पण म्हणून कुणी कामात खूण चुकवतं का? राग वेगळा. काम वेगळं. बाबांनी टपल्या कशाला मारल्या आपल्याला?"

धाकट्याने मान हलवली. त्याला काही कळत नव्हतं. म्हणजे ते खरं होतं. म्हणजे खोटं होतं. म्हणजे दादा रागावला होता आणि दादा बघतही होता, आणि या दोन गोष्टी इतके महिने एकाच खोलीत एकमेकींना न ओळखता राहिल्या होत्या. बायकोच्या तीन प्रश्नांत याला कुठला लावायचा, ते त्याला सुचेना.

"आणि चालताना ढकलतोस ते?" त्याने विचारलं. हे एवढं तरी पक्कं असावं, अशी त्याला का कोण जाणे इच्छा होती.

"मी ढकलतो? तूच अंगावर येतोस. गटाराच्या बाजूला मी असतो, म्हणून रेटून धरतो तुला. म्हटलं, याला माझी एवढी चीड आली असेल तर येऊ दे, पण पडायला नको."

बाहेर दाराची घंटा वाजली. पावलं आत आली आणि तपासणीच्या खोलीच्या उघड्या दाराशी कुणीतरी खाकरलं.

"शेठ, भिंत कुठून कुठे घ्यायची?" सुताराचा आवाज होता. फीत सर्रकन ओढल्याचा आवाज आला.

धाकट्याने काही उत्तर दिलं नाही. दादाही बोलला नाही. तरी फीत परत आत गेल्याचा आवाज आला आणि सुतार म्हणाला, "बरं, थांबतो." पावलं बाहेरच्या बाकाकडे गेली.

धाकट्याने चेहरा वळवून बघितलं तेव्हा दादाचा तळवा अजून दाराच्या दिशेने धरलेला होता. तो कधी वर झाला होता, कुणास ठाऊक. दादाने तो सावकाश खाली घेतला. भिंतीचं त्याने विचारलं नाही. ते पुढे कधीतरी निघणार होतं, आणि चांगलंच निघणार होतं, हे त्याच्या जबड्यावरून दिसत होतं.

"तुझे डोळे शेवटचे कुणी तपासले?" त्याने विचारलं.

धाकट्याने आठवून बघितलं.

"बाबांनी."

दादाने गुडघ्यांवर हात टेकले. मग खुर्चीवरून उठला. "ऊठ. तू इथे बस."

"आज डॉक्टरकडेच जातो मी. तिथे यंत्रावर काढतात."

"जाऊ. दुकान बंद करून दोघं जाऊ. आधी इथे बस."

जागा बदलल्या. खुर्ची दादाच्या अंगाने उबदार झाली होती. दादा स्टुलावर बसला, त्याचे गुडघे धाकट्याच्या गुडघ्यांना लागले. ही तपासणी त्याने कधी केली नव्हती, पण आत्ताच बघितली होती, आणि एकदा बघितलेलं तो विसरत नसे. धाकट्याने उजव्या हाताने उजवा डोळा झाकला.

"माझ्या डोळ्याकडे बघ," दादा म्हणाला. "बोटाकडे बघू नकोस. दिसलं की सांग."

हे वाक्य धाकट्याने आजवर शेकडो माणसांना म्हटलं होतं. ऐकताना कसं वाटतं ते त्याला आज कळलं. त्याने दादाच्या डोळ्यावर नजर ठेवली.

"आता?"

बाही सरसरली. काचेच्या ओल्या पुडीचा वास आला. हात तिथेच कुठेतरी होता, अगदी जवळ, हे धाकट्याला वासावरून कळत होतं. दिसलं, असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता. लोक तो का म्हणतात, कुठल्या भीतीने, ते त्याला पहिल्यांदा नीट कळलं.

"खरं सांग," दादा म्हणाला.

"नाही."

"आता?"

"नाही, दादा."

दादाच्या डोळ्याची पापणी हलली नाही. त्या डोळ्यात राग होता, जुना, मुरलेला, न ओसरलेला. तो अगदी मधोमध होता आणि धाकट्याला स्वच्छ दिसत होता. बाकीचं आत येत होतं, किंवा येत नव्हतं. बाहेर बाकावर सुतार कसलंसं गाणं गुणगुणत होता.

"आता?"

 धाकट्याने डावा हात मांडीवरून सोडला, गुडघ्यापाशी नेला आणि पंजा उघडला.

दादाने मान न हलवता तो टिपला. मग बोट आणखी थोडं आत आणलं असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं,

"आता?"